मोडता स्वर आणि चार आवाज : एक प्रस्तावना

होमर हल्बर्ट या अमेरिकन शिक्षकाने १८९६ मध्ये सोलच्या एका इंग्रजी मासिकात कोरियन गाण्यांविषयी लेख लिहिला आणि त्यात ‘आरिरांग’ हे गाणं पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवून दिलं. या लोकांच्या जेवणात भाताला जी जागा, ती संगीतात या गाण्याला आहे, असं त्याने नोंदवलं. पुढे जरा थट्टेच्या सुरात असंही सांगून टाकलं, की मधले कंप आणि लकेरी आपण मुद्दाम गाळल्या आहेत. गाणाऱ्याने दोन स्वरांच्या मधे त्या आपल्या आपण घालून घ्याव्यात, म्हणजे फारसं चुकायचं नाही.

थट्टा बाजूला ठेवली तर हल्बर्टने जे गाळलं तेच कोरियन लोकगायनाचं मर्म होतं. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत तिथे वृंदगानाची, म्हणजे चार आवाजांत बांधलेल्या कॉयरची, जी मोठी परंपरा उभी राहिली, तिच्यातले उत्तम रचनाकार या गाळलेल्या गोष्टी परत गाण्यात कशा आणायच्या यासाठी झटत आले आहेत. पुढच्या पानांतला विषय हा आहे. कोरियन लोकगीतांच्या चालींवर आधारलेली वृंदगानं ढिगाने मिळतात. लोकगीताने ज्यांत वृंदगानालाच बदलून टाकलं आहे अशी मात्र थोडी, आणि माझ्या मते ऐकण्यासारखी तीच.

गाळलेल्या त्या गोष्टींना कोरियन गायक ‘शिगिमसे’ म्हणतात. स्वराला दिलेला कंप, खालून चढवत आणलेला किंवा वरून ओघळू दिलेला स्वर, शेवटचा झटका, हे सगळं त्यात आलं. मराठी श्रोत्याला हे समजायला अवघड नाही. दरबारीतला गंधार आंदोलनाशिवाय लावला तर तो दरबारीचा राहत नाही, हे बैठकीत बसणाऱ्याला ठाऊक असतं. नैऋत्येकडच्या जोल्ला प्रांताची गाणी घ्या. प्रत्येक प्रदेशाच्या गायनाची आपली ढब असते, तिला ‘तोरी’ म्हणतात. जोल्लाची ती युकजाबेगी-तोरी. तिचा सारा डोलारा मुख्यतः तीन स्वरांवर उभा आहे. मधला स्वर सरळ आणि स्थिर. त्याला आपण षड्ज मानला, तर खालचा मंद्र पंचम रुंद, जाड कंपाने थरथरता ठेवायचा असतो, आणि वरचा कोमल गंधार लागतो न लागतो तोच मोडून रिषभावर येतो. एक थरथरता, एक सरळ, एक मोडता. तिघांची कामं वाटून दिलेली. ही कामं सोडून नुसत्या स्वरांच्या जागा कागदावर मांडल्या, तर उरलेली चाल जगातल्या कुठल्याही देशाची म्हणून खपेल.

पूर्वेकडच्या गांगवन आणि ग्योंगसांग प्रांतांतल्या मेनारी-तोरीची तऱ्हा वेगळी. तिथे चढताना एक स्वर टाळला जातो आणि उतरताना त्याच्यावरून घसरत खाली यायचं असतं. डोंगराळ मुलुखातल्या निंदणीच्या गाण्यांना ही उतरण अशी काही व्याकूळ करते, की शब्द न कळताही श्रम कळतात. राजधानीच्या आसपासची ग्योंगी ढब त्यामानाने हसरी. तिच्यात पाच स्वर बऱ्यापैकी सरळ उभे असतात, मोडतोड कमी. कॉयरच्या कार्यक्रमांत ‘आरिरांग’ आणि ‘दोराजी’ सतत का दिसतात आणि जोल्लाची गाणी त्या मानाने कमी का, याचं एक कारण इथे आहे. पियानोच्या पट्ट्यांवर ग्योंगीच्या गाण्यांचं नुकसान सर्वांत कमी होतं.

स्वरांइतकाच महत्त्वाचा ताल, म्हणजे ‘जांगदान’. ही आवर्तनंच आहेत, आणि ती जांगगु नावाच्या, मधे बारीक कमरेच्या ढोलावर वाजतात. त्याच्या एका तोंडाचा नाद खोल, दुसऱ्यावर बांबूच्या बारीक काडीचा चटका. त्याला बोलही आहेत. हे बोल तोंडाने म्हणून शिकवतात, आपल्याकडे तबला शिकवतात तसेच, आणि त्यामुळे आवाजासाठी लिहिणाऱ्या रचनाकाराला ते आयते हाती लागतात. शब्दांच्या जागी बोल घातले की बासच्या रांगेतूनच ढोल वाजायला लागतो. सर्वांत विलंबित जिन्यांगजो सहा-सहाच्या चार खंडांत चोवीस मात्रांचा. ओत्मोरी दहा मात्रांचा, पण विभागणी तीन-दोन-तीन-दोन, म्हणजे झपतालाच्या बरोबर उलटी. ‘आरिरांग’ ज्या सेमाचीत गायलं जातं त्यात तीन मात्रा आणि प्रत्येक मात्रेचे पुन्हा तीन भाग. कोरियन लोकसंगीतात मात्रा सहसा अशी तीनात फुटते, आणि झोका येतो तो तिथून. पाश्चात्त्य लिपीत ते गाणं साध्या तीन-चारमध्ये लिहिलं की झोका जातो आणि सौम्य वॉल्ट्झ उरतो. जगभरच्या कॉयरनी कित्येक वर्षं हा वॉल्ट्झ गायला आहे.

आणखी एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. कोरियात समूहाने गाणं मिशनऱ्यांनी आणलं नाही. शेतात, होडीत, मळणीच्या खळ्यावर माणसं एकत्र गातच होती: एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी ध्रुपद झेलायचं. ‘ओंगहेया’ हे जव झोडपताना गायचं गाणं तर इतकं चपळ आहे की टाकणं आणि झेलणं एकमेकांच्या अंगावर येतात. नैऋत्य किनाऱ्यावर पौर्णिमेच्या रात्री बायका हात धरून फेर धरतात आणि ‘गांगगांगसुल्ले’ गातात. ते संथ सुरू होतं आणि वेग वाढत वाढत फेर धावायला लागतो. युनेस्कोने २००९ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलेला हा प्रकार मुळात वृंदगानच आहे. नव्हता तो स्वरमेळ, एका वेळी वेगवेगळे स्वर ठरवून एकत्र लावण्याची पाश्चात्त्य हार्मनी. तिथेही सरसकट बोलू नये. जोल्लाच्या शमान विधींतल्या ‘सिनावी’ वादनात प्रत्येक वाद्य तीच चाल आपापल्या मार्गाने, थोडं पुढे-मागे, आपल्या लकेरी घेत वाजवतं. आवाज एकमेकांवर घासतात, गुंततात, आणि तो गुंता हवासा असतो. या गुंत्याकडे वृंदगानाच्या रचनाकारांचं लक्ष फार उशिरा गेलं.

उशीर होण्यामागे इतिहास आहे. हॉरेस अंडरवूड आणि हेन्री ॲपेन्झेलर हे मिशनरी १८८५ मध्ये कोरियात उतरले. अंडरवूडने १८९४ मध्ये ‘छान्यांगगा’ हा चार आवाजांची स्वरलिपी दिलेला स्तोत्रसंग्रह काढला. त्यानंतर चर्च आणि मिशनच्या शाळा जिथे जिथे पोचल्या तिथे सोप्रानो, ऑल्टो, टेनर आणि बास ही विभागणी पोचली. १९१० ते १९४५ या जपानी अमलाच्या काळात चर्चचा कॉयर ही कोरियन भाषेत एकत्र गाण्याच्या थोड्या जागांपैकी एक होती. त्यामुळे स्वरमेळ परका राहिला नाही, दोन-तीन पिढ्यांत कानात मुरला. किंमत अशी, की ‘चांगलं गाणं’ म्हणजे स्तोत्रासारखं गोल, स्वच्छ आवाजात गायलेलं गाणं, ही समजूतही मुरली, आणि खेड्यातला घोगरा आवाज अडाण्यांचा ठरला.

जाता जाता सांगायचं तर, आज सगळ्यांना ठाऊक असलेलं ‘आरिरांग’ही निखळ प्राचीन नव्हे. ना उन-ग्यू यांच्या १९२६ च्या ‘आरिरांग’ या मूकपटासाठी त्याला जे रूप मिळालं ते देशभर पसरलं. युनेस्कोच्या नोंदीत या नावाच्या गाण्यांची सुमारे ६० रूपं आणि त्यांचे अंदाजे ३,६०० पाठ सांगितले आहेत. चित्रपटातलं रूप त्यांतलं एक, पण कॉयरच्या वहीत बहुतेक तेच. १९९१ मध्ये जपानमधल्या चिबा इथे टेबल टेनिसच्या जागतिक स्पर्धेत दोन्ही कोरियांचा एकत्र संघ उतरला, तेव्हा राष्ट्रगीताऐवजी हेच वाजलं. इतकं ओझं एका गाण्यावर असेल तर त्याच्या चालीला हात लावायला कुणीही बिचकेल.

कोरियन युद्धानंतरच्या पहिल्या काही दशकांतल्या बऱ्याच वृंदरचना ऐकताना वाटतं, की लोकगीताला शिंप्याकडे नेऊन कोट शिवला आहे. चाल सोप्रानोकडे, खाली स्तोत्रातले ठरलेले कॉर्ड, शेवटाला आवाज चढवून समारोप. ही गाणी वाईट नाहीत. परदेशी दौऱ्यांत त्यांनी श्रोत्यांचे डोळे ओले केले आहेत. तरी जोल्लाचा मोडता गंधार कॉर्डमध्ये बसवताना त्याचा सरळ, लांब स्वर होतो, आणि मग तो गंधार मोडतच नाही. पाश्चात्त्य स्वरमेळाला स्वर जागेवर उभा लागतो. कोरियन स्वर उभा राहायला तयार नसतो. सगळी अडचण ही एवढीच, आणि ती सुटायला नुसती हौस पुरेशी नव्हती, विचार लागत होता.

तो विचार करणाऱ्यांत ना उन-योंग (१९२२–१९९३) यांचं नाव आधी घ्यायला हवं. आधी आपल्या मातीत रुजवा, मग आधुनिक करा, असा त्यांचा आग्रह, आणि तो त्यांनी जिथे विरोध सर्वांत जास्त होता त्या चर्चच्या संगीतातच धरला. स्तोत्राला जांगदान आणि पंचस्वरी ढंग देणं हे कित्येक भाविकांना अपवित्र वाटे, कारण ढोल म्हणजे शमानांचा विधी हे समीकरण त्यांच्या मनात पक्कं होतं. ली गन-योंग यांनी हाच धागा पुढे नेला. दोन कोरियांच्या शांततेसाठी आणि पुनर्मीलनासाठी त्यांनी १९८८ मध्ये रचलेलं ‘ओसोसो’ हे छोटंसं प्रार्थनागीत आज अनेक देशांच्या स्तोत्रसंग्रहांत आहे. माझ्या कानाला ते अनेक भव्य कँटाटांपेक्षा जास्त कोरियन वाटतं, कारण त्यात सजावटीला जागाच ठेवलेली नाही.

दुसरं नाव यून इसांग (१९१७–१९९५) यांचं. तोंगयोंग या बंदराच्या गावात वाढलेले, पुढे बर्लिनमध्ये स्थायिक झालेले. १९६७ मध्ये दक्षिण कोरियाच्या गुप्तचरांनी त्यांना बर्लिनमधून पळवून सोलला नेलं, हेरगिरीच्या आरोपाखाली जन्मठेप झाली, आणि जगभरच्या संगीतकारांच्या निषेधानंतर १९६९ मध्ये ते सुटले. मायदेशी, म्हणजे दक्षिणेत, ते पुन्हा जाऊ शकले नाहीत. त्यांच्या अस्थी २०१८ मध्ये तोंगयोंगला आल्या. त्यांची मुख्य मांडणी अशी: पाश्चात्त्य स्वर पेन्सिलीच्या रेघेसारखा, तो दुसऱ्या स्वरांशी जोडला तरच अर्थ येतो; पूर्वेकडचा स्वर कुंचल्याच्या फटकाऱ्यासारखा, एकटाच जन्मतो, जाड-बारीक होतो, थरथरतो आणि विरतो. म्हणून त्यांनी रचनेचा पाया चालीवर किंवा कॉर्डवर न ठेवता एकेका ‘मुख्य स्वरा’वर ठेवला. ही मांडणी त्यांनी गाजवली ती वाद्यवृंदात. मिश्र कॉयर आणि एकट्या ट्रॉम्बोनसाठी १९८१ मध्ये लिहिलेली तेविसाव्या स्तोत्राची रचना तुलनेने कमी ऐकली जाते. पण वृंदगानाच्या पुढच्या पिढ्यांना त्यांनी एक वाट दाखवून ठेवली: चाळीस गळ्यांनी चाल गायलीच पाहिजे असं नाही, ते मिळून एक जिवंत स्वर होऊ शकतात.

या वाटेवर चालायला गळे हवेत, आणि गळ्यांना पगार हवा. प्रस्तावनांत सहसा टाळला जातो असा हा हिशेबाचा मुद्दा, पण कोरियात तो निर्णायक ठरला. नॅशनल कोरस ऑफ कोरियाची स्थापना १९७३ मध्ये झाली. पहिले संचालक ना यंग-सू यांनी कोरियन रचनांना कार्यक्रमात ठळक जागा दिली. पुढे शहरामागून शहराने पगारी कॉयर उभे केले. नगरपालिकेच्या खर्चाने पूर्णवेळ गाणारे शिक्षित गायक ही चैन फार थोड्या देशांना परवडली आहे. अशा कॉयरना पदरचा रचनाकार ठेवता येतो, नवी रचना महिनाभर घासता येते. इंचन शहराच्या कॉयरचं नेतृत्व यून हाक-वन यांच्याकडे १९९५ मध्ये आलं आणि त्यांच्यासोबत वू ह्यो-वन या रचनाकार म्हणून काम करू लागल्या. २००९ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटी इथे वृंदगान-संचालकांच्या राष्ट्रीय अधिवेशनात हा कॉयर गायला, आणि ‘मेनारी’ ही वू यांची रचना तिथून जगभरच्या संचालकांच्या तोंडी झाली.

‘मेनारी’ ऐकताना पहिल्यांदा जाणवते ती हाक. पूर्वेकडच्या डोंगरी ढबीचं नाव घेणारी ही रचना लोकगीताला कॉर्डचं अंथरूण घालत नाही. आवाज आवाजावर येऊन आदळतो, घसरतो, ओरडण्याच्या अगदी सीमेपर्यंत जातो. वू यांच्या दुसऱ्या एका रचनेत, ‘पाल्सोसंग’मध्ये, हसण्याचे आवाज हेच साहित्य आहे. ऑपेराच्या तालमीत तयार झालेल्या गायकांकडून असं काही काढून घेणं सोपं नसतं. पान्सोरीचा कथागायक वर्षानुवर्षं गळा घासून त्याला खरखर आणतो, आणि ती खरखर हीच त्याची कमाई मानली जाते. कॉयरचा गायक तितकीच वर्षं खरखर घालवण्यात घालवतो. एकाला आवाज वेगळा ओळखू यायला हवा असतो, दुसऱ्याला शेजाऱ्यात मिसळून जायला हवा असतो.

या पेचातून सुटायचे काही मार्ग रूढ झाले आहेत. सर्वांत सोपा म्हणजे पारंपरिक गायक किंवा गायिका पुढे उभी करायची आणि कॉयरने मागे आधारस्वर धरायचा. परिणाम हमखास होतो. मला मात्र यात पळवाट दिसते. मोडायचं काम एकटीने करायचं आणि चाळीस जणांनी सुरक्षित राहायचं. दुसरा मार्ग लिपीतून जातो: नागमोडी रेघा, घसरणीच्या खुणा, छोटे कणस्वर लिहून सगळ्यांकडून एकसारखा कंप काढायचा. चाळीस गळे एकाच गतीने थरथरले की ते यंत्रासारखं वाटतं, हा धोका. तिसरा मार्ग सिनावीच्या गुंत्याचा. चाल सगळ्यांची एकच, पण प्रत्येक रांगेला, कधी प्रत्येक गायकालाही, ती थोडी पुढे-मागे, आपल्या श्वासाने गायची मुभा. स्वरमेळ यात तयार होतो, पण तो ठरवून रचलेल्या कॉर्डचा नसतो, घर्षणातून उठलेला असतो. कॉर्ड लागलेच तर तृतीयेचे गोड कॉर्ड टाळून चौथ्या आणि पाचव्या स्वरांतराचे घ्यायचे, कारण पंचस्वरी चालीतून ते आपसूक निघतात. या तिसऱ्या मार्गात संचालकाचं नियंत्रण सुटतं, म्हणून तो कमी वापरला जातो. मी त्याच्या बाजूने आहे.

पान्सोरीत ढोलकिया आणि श्रोते मधे मधे दाद देतात, तिला ‘छुइम्से’ म्हणतात. काही रचनाकार ही दादसुद्धा स्वरलिपीत लिहून कॉयरकडून म्हणवून घेतात. ते मला पटत नाही. लिहून दिलेल्या दादेला दाद म्हणायचं तर लग्नात भाड्याने आणलेल्या वऱ्हाड्यांनाही नातेवाईक म्हणावं लागेल. बीटीएसच्या २०१८ च्या ‘आयडॉल’मध्ये ही दाद आणि जांगगुचे बोल आले आहेत, तिथे मात्र ते शोभतात, कारण स्टेडियममधली पोरं ते खरोखर परत ओरडतात. आपल्या घरातल्या किती तरी मुलांनी कोरियन लोकसंगीताचा हा तुकडा नकळत पाठ केला आहे.

उत्तर कोरियाने हा प्रश्न वेगळ्याच पद्धतीने सोडवला, म्हणजे काढून टाकला. किम इल-सुंग यांना पान्सोरीचा घोगरा आवाज नापसंत होता. १९६० च्या दशकापासून तिथे लोकगीतं स्वच्छ, उंच, चकचकीत आवाजात, मोठ्या वाद्यवृंदासह आणि नेटक्या स्वरमेळात गायली जाऊ लागली. शिस्त थक्क करणारी असते. आधुनिक वृंदगान म्हणून ते दक्षिणेतल्या कुठल्याही कॉयरइतकं सफाईदार आहे आणि हल्बर्टच्या कागदाइतकंच सपाट.

गोव्याच्या वाचकाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. चर्चच्या शाळांतून शिकलेला स्वरमेळ मांडोत दोन आवाजांनी असा मिसळला, की आज तो वेगळा काढता येत नाही. मुंबईत सलील चौधरींच्या यूथ कॉयरने लोकगीतांना स्वरमेळ देण्याचे प्रयोग केले तेव्हाही राग आणि कॉर्ड यांचं जमतं का, हा वाद झालाच. कोरियाचा अनुभव या वादात एवढीच भर घालतो, की जमणं किंवा न जमणं हे कॉर्डपेक्षा स्वर कसा लावला यावर अवलंबून असतं.

पुढची प्रकरणं तोरी, जांगदान, आवाज आणि रचना या क्रमाने जातात. तालावरच्या प्रकरणात टाळ्यांनी मोजायची आवर्तनं दिली आहेत; ती नुसती वाचू नयेत, हाताने धरावीत. ऐकण्याबाबत एक विनंती आहे. सुरुवात कॉयरने करू नका. आधी ‘जिंदो आरिरांग’ जोल्लाच्या एखाद्या गायिकेकडून, फक्त जांगगुच्या साथीने ऐका. इम क्वोन-थेक यांच्या १९९३ च्या ‘सोप्योंजे’ चित्रपटात वाटेने चालत गायलेलं आहे, ते मिळालं तर उत्तमच. मोडणारा स्वर कानाला नीट ओळखता यायला लागला, की मग ‘मेनारी’ लावा. आणि तुम्ही स्वतः कॉयर चालवत असाल, तर यातली एखादी रचना बसवताना पियानो शेवटच्या तालमीपर्यंत बंद ठेवा आणि ढोलवाला पहिल्या दिवसापासून बोलवा.